मूळ चाल

हरिपाठाचे दोन अभंग होतात न होतात, तोच टाळकऱ्यांच्या डाव्या रांगेतून एक हात वर जातो. पखवाजावरच्या पोराचा ठेका मोडतो, माझी पेटी 'प्यँ' करून थांबते आणि विणेकरी सोडून सगळे तिकडं बघायला लागतात. (विणेकऱ्याला थांबायची सोय नाही. सप्ताहात विणा खाली टेकत नाही.) हात खाली येतो. आवाज येतो.

"ही मूळ चाल न्हाई."

हे आमचे नाना.

जामखेडला रेल्वे नाही. उद्या समजा आली, तर नाना फलाटावर उभे राहून तिच्याकडं बघून हेच म्हणतील, याबद्दल आमच्या भजनी मंडळात दुमत नाही.

नाना गायनाचार्य नाहीत, कीर्तनकार तर नाहीतच. वारकरी कीर्तन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मध्ये कीर्तनकार, मागं विणेकरी, बाजूला पखवाज, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा आणि त्यांत पुढं दोन-चार गायनाचार्य. कीर्तनकार चरण टाकतो, गायनाचार्य तो उचलून वर नेतात, आणि मग तीस-चाळीस टाळकरी तोच चरण एका दमात धरतात. कीर्तनकाराला पाकीट मिळतं, गायनाचार्याला नि मृदंगाचार्याला मानधन मिळतं, टाळकऱ्याला आमटी-भाकरी मिळते. नाना चाळीस वर्षं टाळकरी. डावी रांग, चौथी जागा. एसटीत दरवाजाजवळची शीट जशी कंडक्टरची, तशी ही नानांची. तिथं दुसरं कुणी चुकून बसलं तर नाना काही बोलत नाहीत. त्याच्यासमोर नुसते उभे राहतात. तो उठतो.

एसटीची उपमा उगाच दिली नाही. नाना जामखेड आगारात कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण अजून गर्दीतून चालताना खांदा आधी घालतात, आणि अभंग संपत आला की त्यांचा उजवा हात नकळत वर, दोरी शोधत जातो.

असा माणूस गावोगाव असतो. त्याला सगळ्या चाली पाठ असतात. फक्त "नाना, मग तुम्हीच म्हणून दाखवा" असं म्हटलं की त्या दिवशी नेमका त्याचा घसा बसलेला असतो. आमच्या नानांनी या अडचणीवर कायमचा उपाय करून ठेवलाय. ते म्हणून दाखवत नाहीत, ऐकवून दाखवतात. त्यांच्याकडं पुरावा आहे.

पुरावा पत्र्याच्या ट्रंकेत आहे. चौसष्ट कॅसेटी. १९८६ साली पुणे मुक्कामी असताना नानांनी पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून एक टू-इन-वन रेडिओ-टेप घेतला आणि तेव्हापासून गावातला एकही सप्ताह, एकही एकादशी, एकही काल्याचं कीर्तन टेप केल्याशिवाय सोडलं नाही. प्रत्येक कॅसेटीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर वे-बिलाच्या अक्षरात रकाने: तिथी, ठिकाण, महाराज, पखवाज, पेटी, शेरा. शेऱ्यात 'पाऊस' असतं, 'लाइट गेली' असतं, एका ठिकाणी 'भांडण (मिटले)' असंही आहे. कॅसेट लावली की आधी खरखर, मग नानांचा आवाज: "रामकृष्णहरी. कॅसेट नंबर सतरा. साइड ए. ठिकाण मारुतीचं देऊळ, जामखेड." पुढं नगर, पुणे येतंय की काय असं वाटावं, इतकी ती घोषणा आगाराची असते. आपल्याला हसू येतं, पण यात नाना मोठ्या पंगतीत बसलेत. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं तबकडीसाठी गाणं गायलं, तेव्हा शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारलं होतं. कारण तबकड्या छापल्या जायच्या परदेशात, आणि तिथल्या माणसाला कळणार कसं ही कोण बाई. नाना कुणाला कळावं म्हणून पुकारतात ते विचारलं, तर म्हणाले, "पुढच्याला."

आता या ध्वनिसंग्रहातला एक छोटासा दोष सांगतो. टू-इन-वन नाना कुणाच्या हातात देत नसत. खाली ठेवला तर टाळकऱ्यांच्या पायाखाली जाईल, म्हणून भजनाला बसले की तो मांडीवर घेऊन बसत. त्याचा माइक त्यातच बसवलेला, समोरच्या जाळीच्या कोपऱ्यात. म्हणजे नानांच्या तोंडापासून एक वीत. परिणाम असा, की चौसष्टच्या चौसष्ट कॅसेटींत नाना गातात आणि त्यांच्यामागं, लांब कुठंतरी, साधारण सौताड्याच्या धबधब्यापलीकडून, मंडळ त्यांना साथ करतं. कीर्तनकार तर कुणी शेजारच्या गल्लीत बोलावा तसा. आणि टाळ? चाळीस टाळांपैकी एकच. नानांचा.

म्हणजे वाद झाला की पुरावा म्हणून नाना जी मूळ चाल ऐकवतात, ती नानांनीच म्हटलेली असते. हे मी एकदा धीर करून बोललो.

"नाना, यात तर तुमचाच आवाज आहे."

"मग? मी मूळ चालच धरली होती."

याला कोर्टात काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्यात याला नाना म्हणतात.

हरिपाठाचं आणखी वेगळं. हरिपाठाला आमच्या चालीनं पन्नासेक मिनिटं लागतात आणि नव्वदच्या कॅसेटीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. ऐन भरात 'खटॅक्' होतं. कॅसेट उलटी करायला टाळ सोडावा लागतो, आणि टाळ सोडणं नानांच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळं त्यांच्या संग्रहातल्या एकाही हरिपाठात शेवटचे दोन-तीन अभंग नाहीत. त्या अभंगांची मूळ चाल कोणती, यावर म्हणूनच गावात कधी वाद झालेला नाही.

मी पंधरा वर्षं मुंबईत बँकेत काढून परत आलो. तिथं एकदा साहेबांनी पास दिला म्हणून परंज्योती अकॅडमी कोरस ऐकायला गेलो होतो. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ साली मुंबईत उभा केलेला हा गायकवृंद. त्यांच्यामागं कितीतरी दशकं कूमी वाडिया यांनी तो चालवला. गाणारे आपापले कामधंदे सांभाळून येणारे, पण उभे राहिले की एकाचाही आवाज वेगळा कळत नाही. पारावर बसून हे नानांना सांगितलं. सांगताना म्हणालो, "समोर एक कंडक्टर असतो. तो गात नाही, वाजवत नाही. नुसता हात करतो. त्याचा हात वर गेला की सगळे थांबतात."

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कंडक्टरच म्हणतेत त्याला?"

"कंडक्टरच."

त्या दिवसापासून हरिपाठात हात वर जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं. चूक माझी आहे, मंडळानं मला अजून माफ केलेलं नाही.

मग मी बीबीसी सिंगर्सचं सांगितलं. लंडनच्या बीबीसी रेडिओनं १९२४ पासून पदरी ठेवलेला पगारी गायकवृंद. इतकी वर्षं गाऊन, रेकॉर्डिंग करून झाल्यावर २०२३ साली बीबीसीनं तो बंद करायचं जाहीर केलं. शंभरी अवघी एका वर्षावर! लोकांनी असा काही ओरडा केला, की निर्णय मागं घ्यावा लागला.

नानांना यातला अन्याय फारसा भिडला नाही. ते एकाच गोष्टीवर अडकले. "म्हंजे टाळकऱ्याला पगार? महिन्याच्या महिन्याला?"

"टाळकरी नाही नाना, गायक."

"मागं धरणारेच ना? मग टाळकरीच. आन् पीएफ?" मग थोडा विचार करून, "आपलं मंडळ कुणाला बंद करता यायचं न्हाई. बंद करायचं तर आधी कुणी चालू केलं ते हुडकावं लागंल."

हे खरं आहे. मारुतीच्या देवळातलं भजन कुणी सुरू केलं, हे जामखेडात कुणीही सांगू शकत नाही. पैठणहून नाथांची पालखी निघते, पाटोद्याहून दिघोळ-खर्ड्याच्या वाटेनं आमच्या तालुक्यातून पंढरीकडं जाते; त्या वाटेवरच्या गावात भजन कुणी सुरू केलं हे विचारणं म्हणजे विंचरणा नदीला पहिलं पाणी कुणी सोडलं हे विचारण्यासारखं.

पण नाना खऱ्या अर्थानं हलले ते नगरला. डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते, नाताळचे दिवस. डोळ्यावर पट्टी. मुलानं रिक्षात घातलं, वाटेत चर्चशी रिक्षा अडकली आणि आतून गाणं आलं. नगरला ही गाणी नवी नाहीत. नारायण वामन टिळक तिथंच राहिले, त्यांनी ख्रिस्ती भजनं लिहिली ती ओवी-अभंगाच्या वळणाची, आणि 'उपासना संगीत'मधून ती अजून म्हटली जातात. पण त्या दिवशी जे चाललं होतं ते चार सुरांतलं होतं. नाना रिक्षातून उतरले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. मुलगा सांगतो, वीस मिनिटं हलले नाहीत.

परत आल्यावर मला म्हणाले, "बायकांचं एक, बाप्यांचं एक, आन् त्यांच्यातबी दोन-दोन. चौघं चार वाटेनं चाललेत आन् कुणी कुणाला चुकला म्हणत न्हाई. आपल्याकडं त्याला भांडण म्हणतेत."

"मग, आवडलं का?"

"त्यातली मूळ चाल कोणती, ते काय कळंना." एवढं बोलून पट्टीखालून डोळा पुसला. डॉक्टरांनी पाणी येईल म्हणून सांगितलंच होतं.

आता सतरा नंबरच्या कॅसेटीकडं येतो. श्रावण, १९८९. नानांच्या मते जामखेडच्या इतिहासात दोनच मोठ्या गोष्टी झाल्या. एक, १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. दोन, सतरा नंबर. या कॅसेटीतलं मंडळ नानांच्या शब्दांत "वाघ" होतं. आम्ही आज काळी दोनमध्ये गातो आणि अर्ध्या तासात धापा टाकतो. ते पांढरी चारमध्ये गायचे. शिवाय चढत जायचे. कॅसेटीच्या सुरुवातीपेक्षा शेवटी सूर आणखी वर गेलेला असतो. "भक्ती चढायची तसा सूर चढायचा," नाना सांगत. आणि लय? घोडदौड. तीस वर्षं नाना आम्हाला त्या लयीत पळवतायत. मंडळातले दोघं दम्यामुळं सोडून गेले. त्यांना नाना "सतरा नंबरच्या बाहेरचे" म्हणतात.

या वर्षीच्या सप्ताहाला आळंदीहून एक गायनाचार्य आला. १९१७ साली जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं शिकलेली पोरं आता आमच्या भागातल्या सगळ्या सप्ताहांत असतात. हा असेल एकोणीस वर्षांचा. मिशी नुकतीच येऊ घातलेली, पण आमच्यात अशा पोरालाही 'महाराज' म्हणायचं असतं. नानांनीही तोंडभर 'महाराज' म्हणत तिसऱ्या अभंगाला हात वर केला.

"महाराज, ही मूळ चाल न्हाई. आन् सूर लई खाली लावलाय आपण."

महाराज भला पोरगा. म्हणाला, "ऐकवा की मग."

रात्री कीर्तन आटोपल्यावर देवळात बसलो. नानांनी टू-इन-वन आणला, लाइटच्या प्लगला लावला, सतरा नंबर चढवली. पोरगा डोळे मिटून ऐकत होता. दहाएक मिनिटांनी टेपमध्ये कुणीतरी उशिरा आलेला भक्त देवळात शिरला आणि त्यानं घंटा वाजवली. 'टण्.' पोरानं डोळे उघडले.

"ही घंटा कुठली?"

"हीच की. वर बघा. माझ्या आज्याच्या आधीची हाय."

पोरगा उठला आणि त्यानं ती घंटा वाजवली. मग माझ्याकडं बघितलं. मी पेटीवर सूर शोधला: पांढरी पाच. नानांनी कॅसेट मागं घेतली. टेपमधली घंटा: पांढरी सहा. पुन्हा वरची वाजवली. पांढरी पाच. देवळात बसलेले सातजण आलटून पालटून वर आणि टेपकडं बघायला लागले.

पोरानं हळूच विचारलं, "नाना, तेव्हा हे सेलवर चालवत होता का?"

होतेच. तेव्हा देवळात प्लग नव्हता. सहा मोठे सेल लागायचे आणि नवे सेल कंडक्टरच्या पगारात परवडत नसत, म्हणून नाना रात्रपाळीच्या बॅटरीतले उतरलेले सेल त्यात घालत. आता मेकॅनिकल भाग येतो, तो थोडक्यात उरकतो. सेल उतरले की टेपची मोटर हळू फिरते. हळू फिरणाऱ्या फितीवर भरलेलं गाणं पुढं लाइटवर पूर्ण वेगानं लावलं, की ते पळतं आणि वर चढतं. भरताना सेल जसजसे उतरत जातात, तसतसा ऐकताना सूर चढत जातो. म्हणजे भक्ती चढत नव्हती. सेल उतरत होते.

ते वाघ आमच्यासारखेच होते. काळी दोनमध्ये, बेताच्या लयीत, बसून गाणारे. आणि त्यांना गाठायला आम्ही तीस वर्षं पळत होतो.

देवळात शांतता पसरली. सगळे नानांकडं बघत होते. नानांनी मान वर करून घंटेकडं निरखून बघितलं. ज्यानं हयातभर एक घंटी मारून गाडी थांबवली आणि दोन मारून सोडली, तो घंटेचा शब्द असा सहजासहजी खोटा पाडणार नाही, असं मला वाटलं होतं.

"घंटा उतरली असंल," नाना म्हणाले. "इतकी वर्षं बडवतेत लोकं."

पोरगा हसला नाही, हे त्याच्या आळंदीच्या शिक्षणाचं यश. तो म्हणाला, "नाना, तुमच्याकडं उतरलेले सेल आहेत का?"

नानांकडं कसे नसतील! दिवाळीचे, रेडिओचे, नातवाच्या खेळण्यातले. त्यांनी आयुष्यात एकही सेल फेकलेला नाही. घरून पिशवी आणली. लाइटची वायर काढली, त्यातल्या त्यात मरतुकडे सहा सेल पोरानं चावून, उन्हात धरल्यासारखे हातात चोळून, निवडून घातले. तीनदा बदलले. चौथ्यांदा घंटा जुळली. पांढरी पाच.

आणि मग पुढचं गाणं आलं. तोवर आम्हाला ते सगळे किनऱ्या आवाजाचे, घाईतले, एकसारखे ऐकायची सवय झालेली. ते आवाज खाली उतरले, रुंद झाले आणि आपापल्या माणसांचे झाले. नानांच्या आवाजाच्या पलीकडून कुणीतरी खोकलं. माझ्या शेजारचा म्हातारा ताडकन म्हणाला, "अरं, हे आमचे आबा!" आबा १९९४ साली गेले. कॅसेट इतक्या वर्षांत शंभरदा ऐकली होती, पण आबांचा खोकला वेगानं पळत असल्यामुळं आजवर तो कुणालाच ओळखू आला नव्हता.

मग रात्री एकपर्यंत हेच. हा कोण, तो कोण. टाळ कुणाचा. मध्येच कुणी पोर रडतं ते कुणाचं. (ते पोर आता ग्रामसेवक आहे.) नाना काही बोलत नव्हते. चाळीस माणसं नानांच्या मागं, लांब, पण आता स्वतःच्या आवाजात गात होती; आणि नाना पहिल्यांदाच स्वतःला सोडून मागच्यांना ऐकत असावेत, कारण ते सारखे टेपच्या जाळीला कान लावत होते. शेवटी 'खटॅक्' झालं.

नानांनी मान वर केली. हातही वर केला. आम्ही सगळे आपोआप थांबलो, खरं तर कुणी गात नव्हतं तरीही.

"आता कळलं?" नाना म्हणाले. "मी म्हणत होतो ना, तुम्ही लई पळवताय. ही मूळ चाल."

दुसऱ्या दिवसापासून हरिपाठ काळी दोनमध्येच, पण ठाय लयीत होतो. दम्यामुळं सोडून गेलेल्या दोघांपैकी एकजण परत आला. पोरगा सप्ताह संपवून आळंदीला गेला. जाताना म्हणाला, सगळ्या कॅसेटी मोबाइलवर भरून घ्या, फिती किती दिवस टिकतील सांगता येत नाही. ते काम मी अंगावर घेतलंय. तेरा कॅसेटी झाल्या. अडचण सेलची आहे. प्रत्येक सप्ताहाला नानांचे सेल वेगवेगळे उतरलेले होते आणि प्रत्येक कॅसेटीची घंटा जुळवायला वेगळे सहा लागतात. मोबाइलमध्ये वेग कमी-जास्त करायची सोय असते हे मी नानांना सांगून पाहिलं; ते म्हणाले, ती मूळ चाल होणार नाही.

तरी जामखेड आणि आसपासच्या वाचकांना विनंती. घड्याळातले, बॅटरीतले, रेडिओतले जुने मोठे सेल फेकू नका. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळेला मारुतीच्या देवळात आणून द्यावेत. नवे आणू नयेत.